सर्व्हरवर फक्त डेटाबेस

पतपेढी असो, रुग्णालय असो की महाविद्यालयाचं कार्यालय, नोंदी आता डेटाबेसमध्येच राहतात. पोस्टग्रेस, म्हणजेच पोस्टग्रेसक्यूएल, हा असाच एक विनामूल्य आणि भरवशाचा डेटाबेस. विंडोजवर त्याचा नेहमीचा इन्स्टॉलर चालवला की एका टप्प्यावर चार पर्याय समोर येतात: पोस्टग्रेसक्यूएल सर्व्हर, पीजीअ‍ॅडमिन, स्टॅक बिल्डर आणि कमांड लाइन टूल्स. चारही पर्यायांवर आधीच टिक असते, आणि 'नेक्स्ट' दाबून पुढे जायची आपल्याला सवय असते. माझं सांगणं असं, की ज्या मशीनवर लोकांच्या खऱ्या नोंदी राहणार आहेत तिथे डेटाबेस पडद्यावर हाताळायच्या चित्रमय साधनाची, म्हणजे पीजीअ‍ॅडमिनची टिक काढावी. ते हवं असेल, तर काम करणाऱ्याच्या संगणकावर वेगळं इन्स्टॉल करावं.

कारण सर्व्हर आणि हे साधन या दोघांचं काम वेगळं आहे आणि वेळापत्रकही. सर्व्हर रात्रंदिवस चालतो, ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर मागणी ऐकतो आणि उत्तर देतो. पीजीअ‍ॅडमिन हा फक्त मागणी पाठवणारा ग्राहक. ते बंद असलं तरी डेटाबेसचं काही अडत नाही. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. पीजीअ‍ॅडमिनची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला येते. एकाची घाई दुसऱ्याच्या गळ्यात का बांधायची? शिवाय प्रत्येक जादा प्रोग्रॅम म्हणजे चुकांना जादा जागा. पीजीअ‍ॅडमिनच्या ९.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत अशी त्रुटी होती, की लॉगिन झालेल्या माणसाला त्या मशीनवर हवा तो कोड चालवता यावा. एप्रिल २०२५ मध्ये ती दुरुस्त झाली. दोष पोस्टग्रेसचा नव्हता, तरी दोन्ही एकाच मशीनवर असतील तर धोका नोंदींपर्यंत पोहोचतो. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचं असंच साधन, मॅनेजमेंट स्टुडिओ, २०१६ च्या आवृत्तीपासून मुख्य इन्स्टॉलरमधून काढून स्वतंत्र दिलं.

यावर कोणी म्हणेल, नवख्या माणसाला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावणं हा अन्याय आहे. पण मी चित्रमय साधन काढून घ्या म्हणत नाही, त्याची जागा बदला म्हणतो. आपल्या संगणकावरून एसएसएच टनेलने, म्हणजे सुरक्षित सांकेतिक जोडणीने, जोडलं की तेच तक्ते, तीच बटणं दिसतात, आणि ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवावा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेगळं ठेवलं की आवृत्त्या जुळवत बसावं लागतं. हे खरं आहे. आपल्या संगणकावरचं, बॅकअप घेणारं पीजी-डम्प सर्व्हरपेक्षा जुन्या मोठ्या आवृत्तीचं असेल, तर ते काम करायलाच नकार देतं. म्हणून सर्व्हरवर कमांड लाइन टूल्सची टिक जरूर ठेवावी आणि रोजचा बॅकअप तिथूनच, ठरल्या वेळी आपोआप घ्यावा. ज्या छोट्या कार्यालयात एकच संगणक आहे, तिथेही दोन्ही वेगवेगळे इन्स्टॉल केले तर एक अद्ययावत करताना दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. नोंदी लोकांच्या आहेत. त्या सांभाळणाऱ्या मशीनवर काय असावं, हे सवयीने नव्हे, विचाराने ठरलं पाहिजे.