नेपाळी स्वयंसेवकांचें संमेलन सफल कसें व्हावें?

संगणकाच्या जगांत ‘हॅकेथॉन’ या नांवाचीं संमेलनें आतां सर्वत्र रूढ झालीं आहेत. १९९९ सालीं कॅनडांतील कॅलगरी शहरीं ओपनबीएसडी या संगणकप्रणालीचे मोजके कारागीर एकत्र जमून कामास बसले, तेव्हांपासून हें नांव पुढें आलें. मॅरेथॉनच्या शर्यतीशीं त्याचें नातें आहे. परंतु शर्यत संपली कीं धावणारा घरीं जातो, आणि येथें मात्र कामाचा कस त्यानंतरच लागतो. हा भेद ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं, त्यांचीं संमेलनें उत्साहानें भरतात आणि निष्फळ होऊन उठतात. सॉफ्टवेअर नेपाळी भाषेंत आणण्यासाठीं झटणाऱ्या स्वयंसेवकांना तर हें विसरून मुळींच चालण्यासारखें नाहीं.

नेपाळांत हें कार्य नवें नाहीं. ललितपूरच्या मदन पुरस्कार पुस्तकालयानें २००५ सालीं ‘नेपालिनक्स’ ही नेपाळी भाषेंत चालणारी प्रणाली प्रसिद्ध केली. २०२१ च्या जनगणनेप्रमाणें नेपाळांत १२४ भाषा बोलल्या जातात आणि सुमारें ४५ टक्के लोकांची मातृभाषा नेपाळी आहे. भारतांतहि १९९२ सालीं ती घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. परंतु सॉफ्टवेअर म्हणजे छापील पुस्तक नव्हे. पुस्तकाचें भाषांतर एकदां झालें कीं झालें. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघतांच नवीं वाक्यें येतात, जुनीं बदलतात, आणि पडद्यावर एक ओळ नेपाळी तर दुसरी इंग्रजी दिसूं लागते. कचेरींतला कारकून दोन दिवस ती खिचडी सोसतो आणि तिसऱ्या दिवशीं यंत्र पुन्हां इंग्रजीवर नेऊन ठेवतो. असा परतलेला मनुष्य सहसा पुन्हां वळत नाहीं. संमेलनाच्या आंखणीवर काय अवलंबून आहे, तें यावरून कळावें.

पहिला निर्णय दिवसाचा. ग्नोमसारख्या प्रणालीची नवी आवृत्ति वर्षांतून दोनदां, मार्च व सप्टेंबरच्या सुमारास निघते. आणि तत्पूर्वीं कांहीं आठवडे मूळ इंग्रजी वाक्यें बदलूं नयेत असा दंडक असतो. संमेलन त्या अवधींत भरलें तर केलेलें काम लगेच लोकांच्या हातीं पडतें. तेंच दशैंच्या सुट्टींत ठेवलें तर मंडळी गांवोगांवीं गेलेलीं आणि आवृत्तीहि हातची गेलेली, अशी गत होते. दुसरा निर्णय कामाच्या आवाक्याचा. ‘सर्व कांहीं नेपाळींत आणूं’ ही घोषणा ऐकावयास गोड असली, तरी एकच लहानसें सॉफ्टवेअर निवडून तें पूर्णत्वास नेणें अधिक हिताचें.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची तयारी शब्दांची. मराठींत ज्याला ‘जतन करा’ म्हणतात, त्याला नेपाळींत ‘बचत’, ‘सङ्ग्रह’, ‘सुरक्षित’ आणि नुसतें ‘सेभ’ असे चारहि शब्द चालतात. वीस स्वयंसेवकांनीं आपापल्या आवडीचा शब्द घेतला, तर एकाच पडद्यावर एका क्रियेचीं चार नांवें दिसतील. यास्तव नेहमीं लागणाऱ्या शे-दीडशे शब्दांचा लहान कोश आधीं ठरवून प्रत्येकाच्या हातीं दिला पाहिजे. संबोधनाचेंहि तसेंच. नेपाळींत ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ अशा आदराच्या पायऱ्या आहेत. यंत्रानें माणसाशीं ‘तपाईं’च्या पायरीवरून, म्हणजे ‘गर्नुहोस्’ असें बोलावयाचें, हें एकदां ठरलें कीं वाद मिटतो.

व्याकरणाचा एक मुद्दाहि नवख्यांना आरंभींच समजावून द्यावा. वाक्यांत जेथें नांव किंवा संख्या मागाहून भरली जाते, तेथें टक्क्याच्या चिन्हाची एक खूण असते. ती गाळली किंवा बिघडवली तर वाक्य निरुपयोगी होतें. प्रसंगीं सॉफ्टवेअरच बंद पडतें. मराठींत ‘घर’ या शब्दाचें ‘घराला’ होतांना नाम बदलतें. नेपाळींत ‘घरलाई’ म्हणतांना तें बहुधा तसेंच राहतें, हें नेपाळीचें सुदैव. परंतु क्रियापद शेवटीं जात असल्यामुळें दोन खुणांचा क्रम पुष्कळदां उलटा करावा लागतो. त्यासाठीं खुणांना क्रमांक देण्याची सोय आहे. ती ज्याला ठाऊक नाहीं, तो इंग्रजी वळणाचें ओढूनताणून नेपाळी लिहितो.

प्रत्यक्ष संमेलनाच्या दिवशीं सकाळचा पहिला तास यंत्रें सज्ज करण्यास द्यावा. ‘प्रीति’सारख्या जुन्या टंकावर हात बसलेल्यांना युनिकोडचा कळफलक शिकवावा लागतो. नंतर दोघादोघांच्या जोड्या कराव्या: एकानें लिहावें, दुसऱ्यानें मोठ्यानें वाचून पाहावें. जें वाक्य कानाला खटकतें, तें डोळ्यालाहि खटकणारच.

मात्र सर्व योजनेची गुरुकिल्ली तपासनीसाच्या हातीं आहे. ज्या भाषांतरावर ‘संदिग्ध’ अशी खूण राहते, तें या पद्धतींत सहसा वापरलेंच जात नाहीं. तेथें मूळ इंग्रजीच दिसतें. रात्र जागून केलेलीं शेंकडों वाक्यें तपासावयास कोणी नाहीं म्हणून पडून राहतात, आणि ज्यानें तीं लिहिलीं तो तरुण पुढच्या वेळीं येत नाहीं. म्हणून भाषांतर मान्य करण्याचा अधिकार असलेला समन्वयक त्याच दिवशीं, त्याच दालनांत उपस्थित असावा. तसें जमत नसेल तर तारीख पुढें ढकलावी.

अखेरीस यशाचें माप. किती वाक्यें झालीं, याची पाटी लावणें सोपें असतें. परंतु तीन महिन्यांनंतर नवी आवृत्ति उघडून पाहावी: आपलें वाक्य पडद्यावर आलें आहे कीं नाहीं? आणि त्या दिवशीं प्रथमच आलेल्यांपैकीं किती जण अजून काम करीत आहेत? चार जण जरी टिकले, तरी पुढील आवृत्तीची चिंता वाहावयास भाषेला चार माणसें मिळालीं. जी भाषा दर सहा महिन्यांनीं नव्यानें सांभाळावी लागते, तिला एका रात्रीच्या शंभर हातांपेक्षां वर्षभर राबणाऱ्या चार माणसांचाच आधार मोठा.