दात, जबडा आणि विमानाचे तिकीट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी विचारले, "बोलू कशावर? लोणच्यावर की भजनावर?" कार्यवाहबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या नणंदेच्या दातांवर!" आमच्या घरची ही गोष्ट साऱ्या आळीला अर्धी ठाऊक आहे. आज ती पुरी सांगते.

माझ्या थोरल्या वन्सं इंग्लंडात लेस्टरला असतात. वय सदुसष्ट. वरच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा त्यांनी दहा वर्षांपूर्वी काढल्या आणि तशाच सोडल्या. दात रोपून घ्यायचे त्यांच्या मनात आले. परंतु तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत असे दात विशेष कारणाखेरीज मिळत नाहीत, आणि खासगीतला खर्च ऐकून त्या गप्प बसल्या. इतक्यात इकडच्या एका दवाखान्याची जाहिरात त्यांच्या फोनवर आली, "दहा दिवसांत नवे दात." माझ्या मुलाचे लग्न जानेवारीत होते. वन्संनी दोन्हींचा मेळ घातला आणि तीन आठवड्यांचे तिकीट काढले. ओसीआय कार्ड असल्याने व्हिसाची अडचण नव्हती.

त्या दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. त्यांनी तोंडात पाहिले, एक साधा फोटो काढला आणि आगाऊ रकमेचा आकडा सांगितला. मधुमेह आहे का, औषधे कोणती, हे कोणी विचारले नाही. मला ते खटकले. घरात नवी मोलकरीण ठेवतानासुद्धा आपण चार प्रश्न विचारतो! मी वन्संना म्हटले, "पैसे भरण्याआधी आणखी एकाला दाखवू या."

दुसऱ्या ठिकाणी जबड्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. तेव्हा कळले की हाडांच्या ठिसूळपणासाठी वन्सं चार वर्षे आठवड्याला एक गोळी घेत आहेत. "दातांचा आणि तिचा काय संबंध?" म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. संबंध आहे, भगिनींनो. या जातीच्या औषधांनंतर कधीकधी जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडे पडून मरते. 2003 सालापासून डॉक्टरांच्या हे ध्यानात येऊ लागले. गोळीने हा धोका थोडा, कर्करोगात देतात त्या इंजेक्शनांनी अधिक. परंतु सांगायलाच हवे, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही. डॉक्टरांनी लेस्टरच्या डॉक्टरांना पत्र पाठवले आणि उत्तर येईपर्यंत हत्याराला हात लावला नाही.

मग जबड्याचा त्रिमितीय स्कॅन झाला. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस नावाची हवेची पोकळी असते. दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. वन्संच्या सायनसखाली उरले होते जेमतेम तीन मिलिमीटर हाड. एवढ्याशा मातीत खांब कसा रोवायचा?

डॉक्टरांनी हिशेब मांडला. आधी सायनसचा पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालायची. सहा महिने थांबायचे. मग टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा. हाड त्याला घट्ट धरेपर्यंत आणखी तीन-चार महिने. मग वर दात.

ही सारी विद्या मुळात स्वीडनची. ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाला 1952च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम सुटेना, तेव्हा हा शोध लागला. 1965 साली गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात तसे खांब बसवले, ते त्या गृहस्थाला 2006 साली मरेपर्यंत पुरले. आज हे काम आपल्या ठाण्या-मुंबईत होते. परंतु हाडाला जडायला वेळ लागतो, तो गोथेनबर्गला लागतो तसाच इथेही लागतो.

हे ऐकून वन्संचे डोळे भरून आले. "अगं, भाच्याच्या लग्नात बोळक्या तोंडाने मिरवू का?" मलाही वाईट वाटले. पहिल्या दवाखान्याचे दार उघडेच होते. दोन रात्री आम्ही जागलो. तिसऱ्या सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "दात लग्नाचे नाहीत, जन्माचे आहेत."

लग्न झाले. वन्सं ओठ मिटून हसल्या, परंतु फोटोत सर्वांत गोड त्याच दिसतात. लेस्टरहून उत्तर आले, रक्तातली साखर तपासून झाली, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. तिकीट पुढे ढकलले, कारण सायनसची जखम ताजी असताना विमानातला हवेचा दाब बरा नव्हे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची! आमच्या घरात तेवढ्या दिवसांत शिंकेवरून जेवढे हसू झाले, तेवढे लग्नातही झाले नव्हते.

ऑगस्टात त्या पुन्हा आल्या, स्क्रू बसले. वरचे दात लेस्टरच्या दंतवैद्यांनी बसवले; तशी कबुली त्यांनी आधीच लेखी दिली होती. स्क्रूची जात, माप आणि क्रमांक लिहिलेले कार्ड वन्सं पासपोर्टाबरोबर ठेवतात. दोनदा विमानाचे भाडे धरून बचत थोडीच झाली, परंतु काम पक्के झाले.

तुमचेही कोणी परदेशात असेल, दातांसाठी इकडे येऊ म्हणत असेल, तर त्यांना एवढे सांगा. तिकिटाआधी स्कॅन पाठवा. सगळी औषधे सांगा. परत गेल्यावर दुखले तर कोण पाहील, हे आधी ठरवा. तारीख हाडाला विचारून ठरवा, विमान कंपनीला विचारून नव्हे.

आणि आता माझी कबुली. वन्संना शहाणपण शिकवणाऱ्या माझ्या तोंडात बारा वर्षे दोन दाढांची खिंड होती. घरात सगळ्यांचे दात दाखवून झाले, माझे "चाललंय की" म्हणून राहिले. आपण बायका अशाच. मीही अखेर दाखवले. मला रोपण झेपणारे नव्हते, म्हणून काढता-घालता येणारी कवळी केली. तिने भाकरी उत्तम चावते. तेव्हा दात काढला, की त्याच आठवड्यात पुढे काय करायचे ते विचारा, आणि मिशरीची डबी घरात असेल तर ती आजच टाका.

फार बोलले. नवे दात आले की माणूस बोलतो!