नाशिक नगरीचा संसार

गोदावरीच्या डाव्या कांठीं पंचवटी आणि उजव्या कांठीं जुनें गांव, एवढेंच नाशिक यात्रेकरूस दिसतें. रामकुंडावर स्नान, काळारामाचें दर्शन, भांडीबाजारांतून तांब्यापितळेचें एखादें भांडें, कीं यात्रा पुरी झाली. उपाध्ये, तांबट व सराफ यांचा प्रपंच या यात्रेवर चाले, आणि १८६४ सालीं स्थापन झालेली नगरपालिका या आटोपशीर गांवाचा कारभार पाही.

दुसरें नाशिक आगगाडीनें वसविलें. गाडी जुन्या गांवापासून कांहीं मैलांवर थांबली, आणि स्टेशनाभोंवतीं निराळेंच गांव उभें राहिलें. टपालाचीं तिकिटें विलायतेंतून छापून येत, तीं छापण्यासाठीं १९२५ मध्यें नाशिकरोडला सरकारी छापखाना निघाला. १९२८ पासून चलनी नोटाही तेथें छापूं लागल्या. देशाचा पैसा छापणाऱ्या गांवासही आपल्या गटारांसाठीं पट्टीच गोळा करावी लागते, ही एक मौजच होय.

तिसरें नाशिक सातपूर-अंबडकडील कारखान्यांचें. १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें तेथें वसाहती आंखल्या, आणि सिडकोनें घरें बांधलीं.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोंवतालचीं खेडीं मिळून ७ नोव्हेंबर १९८२ रोजीं महानगरपालिका झाली. देवळालीची छावणी तेवढी वेगळी राहिली. परंतु पहिली निवडणूक झाली ती १९९२ मध्यें. दहा वर्षें प्रशासकाचीं. २०१७ मध्यें निवडून आलेल्या १२२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, तेव्हां पुन्हां कांहीं वर्षें प्रशासकच.

तिजोरीचेंही तसेंच. जकात ही महापालिकेची मुख्य मिळकत. नाक्यावर मालाची गाडी थांबली कीं व्यापाराची आणि कारभाराची गांठ पडे. २०१३ मध्यें ती जकात गेली. तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था कर व्यापाऱ्यांस रुचला नाहीं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, आणि महापालिका राज्य सरकारकडून भरपाई घेऊं लागली. घरपट्टी व पाणीपट्टी तेवढी तिच्या हातीं राहिली.

कारभाराच्या सोयीसाठीं शहराचे सहा विभाग पाडले आहेत. सिडकोंतल्या नळाची तक्रार सिडको विभागाच्या कचेरींत, घाटाची पंचवटीच्या. नासर्डी मात्र सातपूरकडून निघून, वसाहती आणि वस्त्या ओलांडीत, त्यांचें सांडपाणी घेऊन आगर टाकळीपाशीं गोदावरीस मिळते; तिची तक्रार कोणत्या कचेरींत न्यावी, हें नासर्डीकांठच्या गृहस्थास दर पावसाळ्यांत नव्यानें विचारावें लागतें.