आधी प्रत, मग तपासणी



लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला, मध्येच अडकायला लागला, की बहुतेकजण विचारतात, ‘डिस्क गेली का हो?’ माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की या डिस्कवर असं काय आहे जे दुसरीकडे कुठेही नाही? लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध. ते बाहेर काढा आणि मग तपासणीला बसा.

या क्रमाचा आग्रह मी का धरतो, ते डिस्कच्या रचनेवरून कळेल. जुन्या लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क अडीच इंची. आतल्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे धुळीचा कणसुद्धा डोंगराएवढा. माहिती सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत लिहिलेली असते. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही, पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तेवढा वेळ विंडोज ताटकळतं आणि आपण म्हणतो, ‘हँग झाला.’ बिघडू लागलेल्या डिस्कचं पुढचं आयुष्य किती, हे कोणी सांगू शकत नाही. ते तपासण्यांत घालवायचं की फोटो वाचवण्यात, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

प्रत कुठे करायची, याबद्दल एक भ्रम फार पसरलेला आहे. ‘सी ड्राइव्हवरचं सगळं डी ड्राइव्हवर टाकलंय’ असं लोक निश्चिंतपणे सांगतात. अहो, लॅपटॉपमध्ये डिस्क एकच असेल, तर सी आणि डी ही तिचीच दोन दालनं आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेली. प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवरच हवी. विंडोज सुरूच होत नसेल, तर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून फाइली काढता येतात. कॉपी ठरावीक जागी अडकत असेल, तर ग्नू डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. त्यामुळे मध्ये थांबलं तरी काम पुढे चालू करता येतं.

आता तपासणी. लॅपटॉप पहिल्यापासून सरसकट मंद असेल, तर दोष अपुऱ्या रॅमचा, अँटिव्हायरसचा किंवा मागे चाललेल्या अपडेटचा असू शकतो. पण बाकी सगळं ठीक असताना एकच फोल्डर उघडताना यंत्र गोठत असेल, किंवा बायोसला डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही, तर संशय डिस्कवर जातो.

डिस्क स्वतःची नोंदवहीही ठेवते. तिचं नाव स्मार्ट. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल यांतून ती वाचता येते. पाहायच्या त्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी. ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. हे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर ती डिस्क भरवशाची राहिली नाही. १९९ वाढत असेल तर मात्र आधी जोडणी आणि केबल पाहा. नाहीतर चांगली डिस्क उगाच बदलली जायची. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पद्धतीने दाखवतं, म्हणजे तिथलं १० हे आपलं सोळा.

आणि वर ‘पास’ किंवा ‘गुड’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर चार महत्त्वाच्या स्मार्ट नोंदींपैकी एकाही नोंदीने काहीच सांगितलं नव्हतं. उलट, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणून मी म्हणतो, नोंदवहीने धोका सांगितला तर लगेच ऐकावं. ती गप्प आहे म्हणून तब्येत ठणठणीत समजू नये.

दुकानात पुष्कळदा पहिला उपाय म्हणून चेकडिस्क स्लॅश आर चालवतात. मला ते मुळीच पटत नाही. ती आज्ञा सगळी डिस्क वाचत जाते आणि वाटेत दुरुस्तीसाठी लिहितेही. प्रत हातात नसताना हा धोका पत्करू नये. डिस्कमधून टक-टक असा ठोका येत असेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. ती फ्रीजरमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. घरी उघडू नका. डेटा खरोखर मोलाचा असेल, तर धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेकडेच जा. खर्च मोठा असतो, आणि यशाची खात्री तिथेही मिळत नाही.

प्रत सुखरूप निघाली की जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवा. आधी जाडी पाहा: जुन्या डिस्क ७ किंवा साडेनऊ मिलिमीटरच्या असतात, एसएसडी बहुधा ७ ची. आणि जुनी डिस्क टाकण्याआधी प्रत दुसऱ्या संगणकाला जोडून दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. नुसती नावं दिसली म्हणून भागत नाही.