हातातला शॉवर आणि टाकीची उंची

दुकानदार डबा पुढे करतो आणि सांगतो, ‘साहेब, हाय प्रेशर आहे.’ श्रोतेहो, कोणताही साधा शॉवर पाण्याला जोर देत नाही. जोर येतो टाकीच्या उंचीतून. चांगला शॉवर आलेला जोर वाया जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम.

हिशेब सोपा आहे. सुमारे ३३ फूट उंचीचं पाणी म्हणजे एक बार दाब. आता चंद्रपूर, मूल, वडसा इकडची आपली एकमजली घरं बघा. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर दोन फुटांचा ओटा, ओट्यावर काळी टाकी. भिंतीतला शॉवर सात फुटांवर. मधे उरले पाच फूट, म्हणजे बारचा जेमतेम सातवा हिस्सा. टाकी भरलेली असली तर थोडा जास्त. बाहेरच्या बनावटीच्या पुष्कळ शॉवरना अर्धा ते एक बार लागतो. मग ताटाएवढी चकती बसवूनही अंगावर थेंबच पडतात. गडचिरोलीच्या काही पाड्यांवर सौरपंपाची टाकी उंच लोखंडी सांगाड्यावर असते. तिच्या बुडाशी असलेल्या नळाला शहरातल्या बंगल्यापेक्षा जास्त जोर असतो, याची मला गंमत वाटते.

हातातल्या शॉवरचा खरा फायदा इथेच आहे. स्टुलावर बसून तो तीन फुटांवर धरला, की पाचाचे नऊ फूट होतात. दाब जवळजवळ दुप्पट, तोही पंप न लावता. खुब्याचं हाड मोडलेली आई, गुडघे गेलेले वडील यांना आपण तांब्यातांब्याने आंघोळ घालतो. घालणाऱ्याची कंबर जाते आणि घालून घेणाऱ्याची लाज. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, स्वतःच्या हातात शॉवर धरून म्हातारं माणूस आपली आंघोळ आपण करतं, तेव्हा दार लोटून घेता येतं. या वस्तूवर दोन पैसे जास्त खर्च करावेत ते यासाठी.

विकत घेण्याआधी नळाखाली दहा लिटरची बादली लावून घड्याळ बघा. मिनिटभरात भरली तर मधल्या आकाराचा शॉवर चालेल. दोन मिनिटं लागली तर छोट्या तोंडाचा, कमी छिद्रांचा घ्या. थोडं पाणी शंभर छिद्रांत वाटलं तर कुणाच्याच वाट्याला धड येत नाही. डब्यावर किमान दाब किती लिहिलाय ते वाचा. मुठीच्या आट्यांजवळ कधीकधी पाणी कमी करणारी बारीक चकती असते, ती प्लंबरकडून काढून घ्या. नळी दीड मीटरची पुरे. धार थांबवायचं बटण मुठीवरच हवं आणि ते अशक्त अंगठ्याने दाबलं जातं का, हे दुकानातच बघावं. वजूला तांब्याभर पाणी पुरतं, हे ऐकतच मी वाढलो. त्यामुळे साबण लावताना धार वाहत राहिली की मला चैन पडत नाही.

कोरपना, राजुरा, जिवती हा चुनखडीचा मुलूख. सिमेंटचे कारखाने तिथे उगाच आले नाहीत. बोअरचं पाणी छिद्रांवर पांढरा थर धरतं आणि वर्षभरात निम्मी छिद्रं बुजतात. म्हणून मऊ रबरी टोकांचा शॉवर घ्यावा. अंगठा फिरवला की थर गळतो. नाहीच गळला, तर लिंबू पिळलेल्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. नुसती चकाकी बघून घेतलेला कडक छिद्रांचा शॉवर आपल्याकडे टिकत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चटका देतं आणि म्हाताऱ्या कातडीला ते उशिरा कळतं. पहिलं पाणी बादलीत सोडा, मनगटावर धार घेऊन बघा, मगच शॉवर त्यांच्या हाती द्या. बादलीतलं पाणी निवलं की भांड्यांना होईल.