दूरसंचार कंपनीचे सामाजिक उत्तरदायित्व : दोन टक्के आणि त्यापलीकडे



उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजेच ‘सीएसआर’, हा विषय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात बहुधा दोन ओळींत आटोपला जातो : कंपनी कायदा 2013, कलम 135 आणि नफ्याचे दोन टक्के. ही माहिती अचूक असली तरी अपुरी आहे. कंपनीने नफ्यातून काय दिले, एवढेच या दोन ओळी विचारतात. तो नफा कसा मिळवला, हा प्रश्न त्यात येत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व समजून घेण्यासाठी दूरसंचार क्षेत्रासारखे दुसरे उदाहरण नाही.

त्याचे कारण या व्यवसायाच्या स्वरूपात आहे. मोबाईल सेवा ज्या रेडिओलहरींवर चालते त्या कोणत्याही कंपनीच्या मालकीच्या नाहीत. रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी 31 जुलै रोजी कोलकाता येथून भारतातील पहिला मोबाईल संवाद झाला. पुढे 2 फेब्रुवारी 2012 रोजी ‘टू-जी’ प्रकरणात 122 परवाने रद्द करताना न्यायालयाने स्पेक्ट्रम ही नैसर्गिक साधनसंपत्ती असल्याचे पुन्हा अधोरेखित केले. समाजाच्या मालकीच्या साधनावर व्यवसाय उभा करणाऱ्या कंपनीचे समाजाशी असलेले नाते सामान्य दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या नात्याहून अधिक बांधील असते.

संकल्पनेची वाटचाल

हॉवर्ड बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1953 मध्ये उद्योजकाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. याउलट मिल्टन फ्रिडमन यांनी 1970 मध्ये असे प्रतिपादन केले की, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय. भारतात महात्मा गांधींचा विश्वस्ततेचा सिद्धांत या दोहोंच्या आधीपासून चर्चेत होता. संपत्तीचा धारक हा तिचा मालक नसून समाजाच्या वतीने तिचा विश्वस्त आहे, हे त्याचे सूत्र.

धोरणाच्या पातळीवर कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2009 मध्ये सीएसआरची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि 2011 मध्ये ती अधिक व्यापक केली. त्यानंतर 2013 च्या कायद्याने ऐच्छिकतेची जागा बंधनाने घेतली. 1 एप्रिल 2014 पासून हे कलम अमलात आले. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात 500 कोटी रुपये वा अधिक निव्वळ मूल्य, 1,000 कोटी रुपये वा अधिक उलाढाल किंवा 5 कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा, यांपैकी कोणतीही एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अनुसूची सातमधील कार्यांवर खर्च करावयाची आहे. सुरुवातीला खर्च न केल्यास कारण देणे पुरेसे होते. जानेवारी 2021 पासून मात्र अखर्चित रक्कम विहित निधीकडे किंवा चालू प्रकल्पासाठीच्या स्वतंत्र खात्यात वर्ग करणे बंधनकारक झाले असून उल्लंघनासाठी आर्थिक दंडाची तरतूद आहे.

एक उदाहरण : भारती एअरटेल

दूरसंचार क्षेत्रातील एका मोठ्या समूहाचे कार्य पाहू. भारती समूहाने भारती फाउंडेशनची स्थापना 2000 मध्ये केली. कायद्याची सक्ती येण्यास तेव्हा तेरा-चौदा वर्षे अवकाश होता. 2006 मध्ये सत्य भारती शाळांचा उपक्रम सुरू झाला. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, तामिळनाडू आणि पश्चिम बंगाल येथील ग्रामीण भागांत मोफत शिक्षण, गणवेश, पुस्तके आणि मध्यान्ह भोजन देणाऱ्या शंभराहून अधिक शाळा या उपक्रमातून उभ्या राहिल्या. मुलींच्या शिक्षणावर त्यात विशेष भर होता. 2014 मध्ये लुधियाना जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शौचालये बांधण्यासाठी संस्थेने 100 कोटी रुपयांपर्यंतच्या खर्चाचा संकल्प जाहीर केला.

या कार्याचे मोल निर्विवाद आहे. ज्या गावात चांगली शाळा नव्हती तेथे ती आली, हा तेथील मुलांच्या आयुष्यातील मोठा बदल होय. तथापि विश्लेषकाने येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळा चालवणे किंवा शौचालये बांधणे हे काम पोलाद, सिमेंट वा औषधांचा कोणताही कारखाना करू शकतो. दूरसंचार कंपनीच्या खास कौशल्याचा, म्हणजे माणसे आणि माहिती जोडण्याच्या क्षमतेचा, यात फारसा संबंध येत नाही. आणि याला कंपनीपेक्षा कायद्याची रचनाच अधिक कारणीभूत आहे.

कायद्याच्या तीन मर्यादा

पहिली मर्यादा म्हणजे नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले कार्य सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामागील हेतू रास्त आहे. अन्यथा प्रत्येक कंपनी आपली जाहिरात वा विस्तार समाजकार्य म्हणून दाखवील. परंतु त्याचा एक परिणाम असा की, मोबाईल सेवा न पोहोचलेल्या आदिवासी पाड्यावर दूरसंचार कंपनीने मनोरा उभारला तर तो सीएसआर ठरत नाही. त्याच पाड्यावर तिने शाळेची खोली बांधली तर ती मात्र ठरते.

दुसरी मर्यादा अशी की, दायित्वाचे माप नफा हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑक्टोबर 2019 रोजी समायोजित एकूण महसुलाच्या व्याख्येबाबत दिलेल्या निर्णयानंतर 2019-20 या वर्षात व्होडाफोन आयडियाला सुमारे 73,878 कोटी, तर भारती एअरटेलला सुमारे 32,183 कोटी रुपयांचा तोटा झाला. सरासरी नफाच उणे असेल तर दोन टक्क्यांचा हिशेब शून्यावर येतो. याचा अर्थ कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपनीचेही कायदेशीर सीएसआर दायित्व शून्य असू शकते. ग्राहकांचे कंपनीवरील अवलंबन मात्र तोट्याच्या वर्षात कमी होत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. नफा ज्या मार्गाने आला त्या मार्गाविषयी हे कलम मौन बाळगते. या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी दूरसंचार क्षेत्रावरील एका जुन्या दायित्वाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

सार्वत्रिक सेवा : विसरले जाणारे दायित्व

नवे दूरसंचार धोरण 1999 नुसार सार्वत्रिक सेवा दायित्व निधी 1 एप्रिल 2002 पासून अस्तित्वात आला आणि 2003 च्या दुरुस्तीने त्याला वैधानिक आधार मिळाला. परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाच्या 5 टक्के इतकी आकारणी त्यासाठी होते. दूरसंचार अधिनियम 2023 अन्वये या निधीचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले असून संबंधित तरतुदी जून 2024 पासून अमलात आल्या.

दोन्ही दायित्वांची तुलना उद्‌बोधक आहे. समजा, एखाद्या कंपनीचा समायोजित महसूल 1,000 कोटी रुपये आणि सरासरी निव्वळ नफा 100 कोटी रुपये आहे. तिचे सीएसआर दायित्व 2 कोटी होईल, तर सार्वत्रिक सेवेसाठीचा वाटा 50 कोटी, म्हणजे पंचवीसपट. कंपनी तोट्यात गेली तर पहिला आकडा शून्य होईल, दुसरा मात्र महसूल असेपर्यंत कायम राहील. वार्षिक अहवालात सचित्र पाने मिळतात ती बहुधा पहिल्या आकड्याला.

मात्र निधी जमा होणे आणि सेवा पोहोचणे यांत अंतर असते. ही रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनंतरच खर्चासाठी उपलब्ध होते. जमा रकमेचा मोठा हिस्सा दीर्घकाळ विनियोगाविना राहिला, ही या निधीवरील प्रमुख टीका होती. अलीकडच्या काळात वेग वाढला. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आंध्र प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, महाराष्ट्र व ओडिशा या पाच राज्यांतील 44 आकांक्षित जिल्ह्यांमधील 7,287 गावांसाठी, तर जुलै 2022 मध्ये देशभरातील 24,680 वंचित गावांसाठी 26,316 कोटी रुपयांच्या फोर-जी प्रकल्पास मंजुरी दिली. मोबाईल सेवा सुरू होऊन सत्तावीस वर्षे उलटल्यावरही इतकी गावे वंचित होती, यावरून बाजारपेठ आपणहून कोठपर्यंत जाते याची कल्पना यावी.

व्यवसाय हेच समाजकार्य, आणि व्यवसाय हीच कसोटी

दूरसंचार सेवेचा सर्वांत मोठा सामाजिक लाभ तिच्या मूळ व्यवसायातूनच होतो. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांविषयी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे अभिजात उदाहरण आहे. 1997 ते 2001 या काळात तेथे मोबाईल सेवा आली. कोणत्या बंदरावर मासळीला काय भाव आहे हे नावेवरूनच समजू लागले. भावांतील तफावत घटली आणि विक्रीअभावी मासळी फेकून देण्याची वेळ जवळपास संपली. मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांना द्यावी लागणारी किंमत सुमारे 4 टक्क्यांनी घटली. यात कोणीही देणगी दिली नव्हती. इफ्को आणि भारती एअरटेल यांच्या सहभागातून 2007 मध्ये सुरू झालेल्या इफ्को किसान संचार सेवेने शेतकऱ्यांना रोज पाच मोफत ध्वनिसंदेश देऊन हाच धागा पुढे नेला.

परंतु ज्या व्यवसायात एवढी कल्याणकारी शक्ती आहे त्यातच हानी करण्याचीही शक्ती आहे. 2017 मध्ये मोबाईल जोडणीच्या आधार-पडताळणीचा वापर करून ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याचे आणि अनेकांचे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान त्या खात्यांत वळल्याचे प्रकरण पुढे आले. विशिष्ट ओळख प्राधिकरणाने डिसेंबर 2017 मध्ये पडताळणीची परवानगी तात्पुरती स्थगित केली आणि रिझर्व्ह बँकेने मार्च 2018 मध्ये पेमेंट्स बँकेवर 5 कोटी रुपयांचा दंड जाहीर केला. एकाच समूहाच्या शाळेत मुले मोफत शिकत होती, आणि त्याच समूहाच्या व्यवहारात गृहिणीला आपले अनुदान कोठे गेले याचा शोध घ्यावा लागत होता. पहिली गोष्ट दुसरीची भरपाई करू शकत नाही, तशी दुसरी पहिलीचे मोलही पुसून टाकत नाही. ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करू नये.

समाजकार्याच्या भाषेत व्यवसाय पुढे येतो तेव्हाही सावधता हवी. गरिबांना निवडक संकेतस्थळे मोफत देण्याचा फेसबुकचा ‘फ्री बेसिक्स’ उपक्रम एका दूरसंचार कंपनीच्या सहकार्याने 2015 मध्ये भारतात आला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी आशयानुसार भेदभाव करणारे दर प्रतिबंधित केले. मोफत मिळणारे दारही कोणत्या खोलीत उघडते हे दार देणाराच ठरवणार असेल, तर त्यास निखळ परोपकार म्हणता येत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीतही कसोटी व्यवसायातच आहे. वीज अनियमित असलेल्या भागांत मनोरे डिझेलवर चालतात. म्हणूनच जानेवारी 2012 मध्ये सरकारने ग्रामीण मनोऱ्यांपैकी 75 टक्के आणि शहरी मनोऱ्यांपैकी 33 टक्के मनोरे 2020 पर्यंत अपारंपरिक ऊर्जेच्या जोडीने चालवण्याचे उद्दिष्ट ठेवले. वृक्षारोपणाचा कार्यक्रम करणाऱ्या दूरसंचार कंपनीस प्रथम तिच्या मनोऱ्यांखालील डिझेलचा हिशेब विचारला पाहिजे.

मूल्यमापनाची चौकट

परीक्षेत आणि पुढे प्रशासनातही कोणत्याही कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा विचार करताना तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. कायद्याने काय बंधनकारक आहे? कंपनीने त्यापलीकडे स्वेच्छेने काय केले? आणि तिचा मूळ व्यवसाय ग्राहक, कर्मचारी, निसर्ग व स्पर्धक यांच्याशी कसा वागतो? तिसऱ्या प्रश्नासाठी साधने तयार होत आहेत. ‘सेबी’ने 2012 मध्ये सुरू केलेले व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल अधिक विस्तृत स्वरूपात 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार आघाडीच्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक झाले. वैयक्तिक विदेचे संरक्षण करणारा कायदाही 2023 मध्ये संमत झाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21), 15 ते 49 वयोगटातील 53.9 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण 33.3 टक्के, तर पुरुषांचे 57.1 टक्के होते. हे अंतर केवळ दोन टक्क्यांच्या खर्चातून मिटणारे नाही. परवडणारे दर, मातृभाषेतील सेवा, तक्रारीची तत्पर दखल आणि ग्राहकाच्या संमतीचा आदर या दैनंदिन व्यवहारातील गोष्टींतूनच ते कमी होईल. विश्वस्ताची परीक्षा त्याने वर्षाकाठी केलेल्या दानावरून होत नाही. सोपवलेल्या ठेवीची त्याने रोज कशी काळजी घेतली, यावरून ती होते.