लेहमधील आमचा पहिला हिवाळा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा प्रसंगी वक्त्याने शहाजीराजांपासून आरंभ करावा, हा आपल्या बंगळुरी मराठी मंडळींचा जुना शिरस्ता आहे. १६३८ च्या स्वारीनंतर हे गाव राजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्या मागोमाग आपण सारे दक्षिणेत उतरलो, असे म्हटले की सभागृहात ऊब येते. आम्ही मात्र आज उलट दिशेने, म्हणजे येथून थेट उत्तरेस गेलेल्या दोन वयस्क नवशिक्यांची हकीकत सांगणार आहोत. ते दोन नवशिके म्हणजे आम्ही उभयता. हकीकतीत शौर्य फारसे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा दोघांचाही व्यवसाय अध्यापनाचा. एकाचा विषय गणित, दुसऱ्याचा रसायनशास्त्र. कोणाचा कोणता, हे मल्लेश्वरममधील जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. इतरांना ते आज सांगत नाही, कारण पुढे घडलेल्या मूर्खपणाची वाटणी मग विषयवार होईल आणि ते अन्यायाचे ठरेल. निवृत्तीनंतर एका स्नेह्यांकडून कळले की लडाखमध्ये शाळांना दीर्घ सुट्टी असते ती उन्हाळ्यात नव्हे तर हिवाळ्यात, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत मुलांसाठी शिकवणीचे वर्ग चालतात; तेथे गणित-विज्ञान शिकवणारे हवे आहेत. आम्ही पत्र धाडले. उत्तर आले, त्यात "नक्की हिवाळ्यातच येणार ना?" असा प्रश्न होता. त्यातील सूचना आमच्या ध्यानात आली नाही. २००३ च्या डिसेंबरात आम्ही विमानाने लेहला उतरलो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे, याचा आपल्याला केवढा अभिमान! पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आपण ही उंची आपणच बांधल्यासारखी सांगतो. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेथील हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशाच्या आसपास भरतो. म्हणून विमानाने येणाऱ्याने पहिले दोन दिवस अंथरुणात पडून राहावे, असा तेथील सर्वांचा सांगावा असतो. आम्ही मात्र सँकी तलावाला रोज तीन प्रदक्षिणा घालणारे! त्याच दुपारी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढायला निघालो. त्या पाचशेहून अधिक आहेत असे म्हणतात. आमची मोजणी दीडशेच्या आतच आटोपली. त्या रात्री डोके फुटेल असे दुखले, उलट्या झाल्या, आणि दुसरा दिवस इस्पितळात नाकाशी नळी लावून गेला. तेथील डॉक्टर रागावले नाहीत. आमच्यासारखे त्यांना रोज भेटत असावेत.

याचा एक दुष्परिणाम मात्र झाला, तो पुढील हकीकतीसाठी ध्यानात ठेवावा. डोके दुखले आणि मळमळले की ती उंचीची बाधा, हे समीकरण आमच्या मनात पक्के झाले.

आमची राहण्याची सोय एका लडाखी कुटुंबाच्या घरी, वरच्या मजल्यावर होती. घरच्या वृद्ध मालकिणीला सारे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' म्हणजे आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द. आम्हीही त्यांना आमा-लेच म्हणू लागलो, जरी वयाने त्या आमच्याहून फार मोठ्या नसाव्यात. बाहेरच्या खोलीत बुखारी होती, म्हणजे लाकडे व शेणी जाळण्याची पत्र्याची शेगडी. तिचे धुराडे छतातून वर गेलेले. निजण्याच्या खोलीत काहीच नव्हते. वीज त्या काळी संध्याकाळी काही तासच असे.

नवलाईचे पहिले आठ दिवस मौजेचे गेले. नळ कोरडेच, पाणी बादलीने आणायचे, आणि सकाळी त्याच बादलीतील बर्फ फोडायचा. दोरीवर टाकलेला ओला पंचा अर्ध्या तासात फळीसारखा ताठ होई. तो घडी घालू गेल्यास मोडेल की काय अशी भीती वाटे. हवा इतकी शुष्क की अंधारात कांबळे झटकले की ठिणग्या उडत. खोबरेल तेलाची बाटली येथे डिसेंबरात उन्हात ठेवावी लागते, तेवढ्यावरून आपण थंडीच्या तक्रारी करतो. तेथे ती बाटली गोठली ती मार्चपर्यंत पुन्हा वितळली नाही. वर्गात मात्र बहार होती. खोली दक्षिणमुखी, मोठ्या काचेची. ऊन आले की आत अंगातील कोट काढावा लागे. मुले येताना एकेक लाकूड घेऊन येत. एके दिवशी पाणी उकळण्याचा प्रयोग केला. पुस्तकात शंभर अंश; आमचा तापमापक ८८ च्या आसपास अडून बसला. एका चिमुरड्या मुलीने विचारले, "चूक पुस्तकाची की पाण्याची?" आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत बंगळुरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वस्तुतः येथेही पाणी शंभरावर उकळत नाही, ९७ च्या सुमारासच उकळते. आम्हीच ते कधी मोजून दाखवले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. दुसरा आठवडा संपताना थंडी अकस्मात वाढली. त्या रात्री बाहेर उणे वीसच्या खाली गेले असावे. बाहेरच्या खोलीतील बुखारी विझत आली होती आणि तिची ऊब निजण्याच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा आम्ही, उभय पदवीधरांनी, एक लोखंडी घमेले घेतले, बुखारीतील निखारे त्यात काढले, वर बाजारातून आणलेले कोळसे रचले, आणि ते घमेले निजण्याच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी ठेवले. मग खिडकीच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली गोणपाट लावले. खोली अर्ध्या तासात अशी उबदार झाली की आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

थोड्या वेळाने डोके जड झाले. मग मळमळू लागले. "पुन्हा उंची बाधली," असे एकाने म्हटले, दुसऱ्याने मान्य केले. इस्पितळातून दिलेल्या गोळ्या होत्या, त्या घेतल्या, आणि आता झोप लागली की बरे वाटेल असे ठरवून दिवा मालवला. पाय लटके पडत होते. ती ग्लानीही आम्हाला सुखाची वाटली.

मंडळी, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. हवा पुरेशी नसताना कोळसा जळला की निपजतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने बिलगतो आणि प्राणवायूची जागाच घेऊन बसतो. हे वाक्य आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिले, परीक्षेत विचारले, न येणाऱ्यांचे गुण कापले. ज्या गावात मुळात प्राणवायूच एकतृतीयांश कमी, तेथे तोच वायू आम्ही चिंध्या कोंबून स्वहस्ते कोंडून ठेवला होता.

आमा-ले त्या वेळी गोठ्यात गाईची सोय पाहण्यास बाहेर पडल्या होत्या. सहज वर पाहिले तर आमच्या धुराड्यातून धूर नाही. पण निजण्याच्या खोलीच्या काचेवर तांबूस उजेड. विस्तव आहे आणि धूर नाही, तर धूर जातो कोठे? आमा-लेंनी शाळेची पायरी चढली नव्हती, हे त्यांनीच आम्हाला मागे सांगितले होते. हाच प्रश्न मात्र त्यांना अंगणात उभ्या उभ्या पडला आणि त्या जिना चढून आल्या. दाराला कडी घालायची राहिली होती, बोटे बधिर झाल्यामुळे. एरवी ती आम्ही कधी विसरत नाही.

पुढचे तुटक आठवते. दार धाडकन उघडले, खिडकीतल्या चिंध्या उपसल्या गेल्या, घमेले बाहेर बर्फात पालथे झाले आणि मोठा चर्र आवाज आला. आम्हाला दोघांना ओढत गच्चीवर काढून, कांबळ्यांत गुंडाळून भिंतीशी बसवले. उणे वीसच्या थंडीत आम्ही तासभर नुसता श्वास घेत होतो. आमा-ले लडाखीत अखंड बोलत होत्या. त्यातले एक अक्षर कळले नाही आणि सारे कळले. शेवटी मोडक्या हिंदीत त्यांनी एवढेच विचारले, "मास्टर लोग हो ना?"

त्या रात्रीपासून आमचे बिऱ्हाड त्यांच्या स्वयंपाकघरात आले. लडाखी घरात हिवाळाभर सारे कुटुंब तेथेच असते: मध्ये नक्षीदार चूल, भिंतीवर फळ्यांवरून ओळीने मांडलेली तांब्यापितळेची भांडी, भोवती गालिचे. 'गल्दन नमचोत' नावाचा त्यांचा दिव्यांचा सण त्याच डिसेंबरात आला. घरोघरी ओळीने दिवे लागले आणि आमची दिवाळी त्या वर्षी दोनदा झाली. पाठोपाठ लोसार, म्हणजे नवे वर्ष. लोणी-मीठ घातलेला चहा आम्ही प्रथम औषध म्हणून, मग शिष्टाचार म्हणून आणि शेवटी आवडीने प्यालो. संक्रांतीला आम्ही तिळगुळाचे लाडू केले. ते थंडीने असे दगड झाले की आमा-लेंच्या नातवाने ते बत्त्याने फोडून वाटले. 'गोड बोला' हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. आमा-ले हसून म्हणाल्या, दात शाबूत राहिले तर बोलू.

फेब्रुवारीत परवाना काढून हानलेची वारी घडली. रस्ता सिंधूच्या काठाकाठाने जातो. काठ गोठलेले, मधोमध काळसर धार. १७५८ मध्ये मराठी फौजा ज्या अटकेस पोहोचल्या, ते अटक याच सिंधूवर, पण पुष्कळ खाली. म्हणजे आपण अटकेच्याही वर आलो, असे आम्ही गाडीत जाहीर केले आणि झेंड्याऐवजी लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. हानलेत साडेचार हजार मीटरवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची चंद्रा दुर्बीण आहे. ती चालवली जाते कोठून? आपल्या बंगळुराजवळच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्याने! शास्त्रज्ञ तेथे एक साधा स्वेटर घालून हानलेचे आकाश पाहतात. आम्ही तेच आकाश पाहायला तीन स्वेटर घालून गेलो आणि पाच मिनिटांत आत पळालो. पण त्या पाच मिनिटांत जे तारे दिसले, ते होसकोट्याच्या पडद्यावर तसे दिसत असतील असे वाटत नाही. असो.

मार्चमध्ये परतलो. त्यानंतर आणखी दोन हिवाळे तेथे काढले. घमेले पुन्हा पाहिले नाही.

२००९ साली आमा-लेंचा तोच नातू अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बंगळुरास आला आणि पहिले वर्ष आमच्याकडे राहिला. दिवस एप्रिलचे; पोर घामाने बेजार. शेजारच्या अजींनी रोज "ऊटा आयता?" विचारून त्याला कन्नड शिकवले, मंडळाच्या गणेशोत्सवात त्याने आरतीला झांजा वाजवल्या. पहिल्या रात्री आम्ही डासांच्या भीतीने त्याच्या खोलीची खिडकी लावायला गेलो, तर तो पलंगावर उठून बसला. आजीने निघताना एकच गोष्ट बजावली होती म्हणाला: मास्टरजींच्या घरी खिडकी स्वतः उघडून मगच निजायचे, ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून मच्छरदाणी आणली.